ढवळीच्या तोंडाला मोहाचा वास

१८ ऑक्टोबर १९५७, शुक्रवार

ढवळी आज सकाळी व्याली. कालवड झाली. वार पण दुपारच्या आत पडली. एवढं सुरळीत माझ्या आयुष्यात आजपर्यंत दुसरं काही झालेलं नाही.

आर्वीकडची गवळाऊ गाय या जंगलात आणतो म्हटल्यावर मला हसले नाहीत असे लोक थोडे. आमच्या कुरूमटोल्यात गायी आहेत, पण त्यांचं दूध कोणी काढत नाही. दूध वासराचं, असं इथल्या माडिया लोकांचं साधं म्हणणं. शाळेवर मी एकटा मास्तर, त्यामुळं वाद घालायलाही जोडीदार नाही. पण नाल्यापलीकडच्या लाकडाच्या डेपोवर बाबूलोक राहतात आणि त्यांना चहाला दूध लागतं. रोज पुरवीन असा शब्द मी दिला आहे. ही गाय टिकली तर दुसरी घेणार, आणि मग या शाळेतून बदलीसाठी कोणाच्या हातापाया पडणार नाही.

गाभण असताना मी तिला जवसाची ढेप घालून घालून अशी केली होती की बरगडी शोधावी लागायची. दसरू आला होता बघायला. शाळेच्या कुंपणाचं काम त्याच्याकडं असतं. म्हणाला, "गुरुजी, गाय होय का हत्ती?" मी म्हटलं, दृष्ट लावू नको. तो हसतच गेला.

माय गोंडपिपरीहून पंधरवड्यापूर्वीच आली आहे, कारण माझ्या बायकोचे, मैनेचेही, दिवस भरत आले आहेत. मायनं आल्याबरोबर ढवळीच्या कोठ्याचा ताबा घेतला. आज "आता ढेप बंद," म्हणाली. "व्यालेल्या जीवाले जड देलं का दूध जड होते. तणस अन् कोमट पानी. आपल्या घरी असंच चालत आलं." मी मान डोलावली. मायशी वाद घालण्यापेक्षा अस्वलाशी घातलेला बरा.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

दुधाचा भरणा असा की दुसरं भांडं न्यावं लागतं. डेपोवरचा मोठा बाबू म्हणाला, मास्तर, तुम्ही शिकवणं सोडा. मी हसलो, पण मनात म्हटलं, बघच तू.

ढवळी जरा उतरली आहे. भाताचं तणस हुंगते आणि अर्धं तसंच ठेवते. नखरा, दुसरं काय.

३ नोव्हेंबर, रविवार

मुलगी झाली. दोघी सुखरूप. दसरूची बायको बुधरी मदतीला होती. पोरगी धडधाकट आहे आणि रडणं तर असं की डेपोवर ऐकू जावं.

मायनं लगेच पथ्य लावलं. बारशापर्यंत नुसती पेज, तीही पातळ, ओवा-सुंठ घालून, दिवसातून दोनदा. त्यानंतर सव्वा महिना होईस्तोवर एका वेळी एक मूठ भात. पहिल्या खेपेला मैना माहेरी होती. तिथं तिला डाळ, तूप, भाजी, मागेल ते दिलं, आणि पोरगा हगवणीनं गेला. मायनं त्याचा दोष त्या जेवणाला दिला, आणि तो तिच्या मनातून निघत नाही. तेव्हा माय महिनाभर भिंतीला टेकून बसली होती, कोणाशी बोलली नाही. आता म्हणते, "ह्या पोरीले मी जाऊ देत नाई. मायचं पोट हलकं तं लेकराचं पोट हलकं." मला पटलं. मैनेला विचारायचं काही कारण नव्हतं. ती तशीही कमी बोलते.

९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी अंगणात आलो तर मोहाचा वास. दारूचा नव्हे, चैत्रात झाडाखाली पहाटे फुलांचा सडा पडतो तेव्हा येतो तसा, गोड, जरा आंबूस, नाकात बसणारा. कार्तिकात कुठला आलाय सडा. मी समजलो की घराला लागूनच्या शाळेमागं कोणीतरी साठवलेली फुलं भिजत घातली आहेत.

दसरूला धरलं. तो म्हणाला, "माझा मटका नाल्यापलीकडं हाय, गुरुजी. तुमच्या शाळेमागं काऊन ठेवीन? पोट्टे पिऊन जातीन ना."

मागं जाऊन पाहिलं. काही नव्हतं. परत अंगणात आलो तर वास तिथंच.

११ नोव्हेंबर, सोमवार

मी ट्रेनिंग कॉलेजात शिकलेला माणूस आहे, आणि तरी हे लिहितो आहे.

दुपारी भर उन्हात पोरांना पाढे म्हणायला लावले होते. एकेक आवाज थांबत गेला. बघतो तर सगळी खिडकीशी. ढवळी दावं तोडून शाळेच्या भिंतीशी उभी होती आणि भिंत चाटत होती. सावकाश, एकाच जागी. वरची माती गेली होती, आतले बांबू दिसत होते, तरी चाटत होती. जिभेतून रक्त येत होतं. मी हाका मारल्या. तिचा कान हलला नाही.

मग तिनं चाटणं थांबवलं, कपाळ भिंतीला टेकलं आणि तशीच उभी राहिली. शिक्षा केलेला पोरगा राहतो तशी. त्यानंतर खांबाभोवती फिरू लागली, डावीकडून, डावीकडूनच. मी दावं धरून तिला ओढलं तेव्हा तिनं माझ्याकडं तोंड केलं. डोळे माझ्यावर होते, पण मी तिला दिसत नव्हतो.

मोहाचा वास तिच्या तोंडाला येत होता.

संध्याकाळी दूध तळाला लागेल इतकं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

माय म्हणते, बाहेरचं लागलं. तिनं मीठ-मोहरी उतरवून टाकली आणि बाळंतिणीच्या खोलीचं दार लावून घेतलं. दसरू म्हणतो, "वासराचं हिसकून डेपोवर नेता. जंगल काय आंधरं हाय का? ते पाहून राह्यलं." हे तो अगदी साधेपणानं म्हणाला, पाऊस येईल म्हणावं तसं.

मी दोघांनाही अडाणी म्हटलं. पण कोठ्यातून बाहेर पडताना मी ढवळीकडं पाठ करत नाही. उलटा चालत येतो.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

डेपोच्या ट्रकवर बसून अहेरीला जाऊन आलो. ढोरांचे डॉक्टर भेटले. वयस्कर, नागपूरकडचे, बोलणं तुटक. मी सगळं सांगितलं, भिंत, फिरणं, वास. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "व्यायच्या आधी लठ्ठ केली असेल."

मी हो म्हटलं.

"आणि व्याल्यावर खाणं तोडलं."

मी हो म्हटलं.

मग त्यांनी समजावलं, ते मी वाटेत पाठ करत आलो. गाय व्याली की दुधातून जेवढं निघतं तेवढं तोंडानं आत गेलं पाहिजे. नाही गेलं तरी दूध थांबत नाही. आई आहे ती, दूध करतेच. मग ती स्वतःच्या अंगावरची चरबी जाळते. फार जाळली की तिचा धूर रक्तात जातो आणि तोच वास तोंडाला येतो. मेंदूला साखर मिळत नाही, म्हणून मग भिंती चाटणं, फिरणं, आंधळ्यासारखं बघणं. "भूत नाही, मास्तर. उपास आहे. गूळ पाजा दोन वेळा, ढेप सुरू करा हळूहळू, हिरवा चारा द्या. आणि काही दिवस दूध वासराला सोडा."

मी त्यांना नमस्कार केला. येताना गुळाची भेली घेऊन आलो. ट्रकमध्ये मांडीवर धरून बसलो होतो. मला फार हलकं वाटत होतं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

ढवळी सुधारली. गुळाचं पाणी पहिल्या दिवशी बांबूच्या नाळीनं पाजावं लागलं, आता भांडं बघून हंबरते. ढेप खाते. भिंतीकडं ढुंकून पाहत नाही. वास गेला. दसरूला बोलावून दाखवलं आणि डॉक्टरांचं सगळं शास्त्र त्याला ऐकवलं. तो म्हणाला, "म्हंजे वासराले दूध देलं अन् गाय सुधरली. तेच तं मी म्हणत होतो." या माणसापुढं कोणाचं काही चालत नाही.

मायनं गुळाला आधी नाक मुरडलं. मी म्हटलं, माय, तुझ्या पथ्यानंच गाय मरत होती. ती म्हणाली, "ढोराची गोष्ट अलग, मानसाची अलग." ठीक आहे. गाय वाचली, मला तेवढं पुरे.

बारसं झालं. पोरीचं नाव भागीरथा ठेवलं. ती दिवसभर अंगावर पिते, सोडतच नाही. मैना चिडचिडी झाली आहे. खोलीत भिंतीकडं तोंड करून बसते. मी कोठ्यातून आलो की एकच विचारते, "आज किती गूळ टाकला?" गाईत जीव अडकलाय तिचा. मी सांगतो. ती ऐकून घेते आणि परत तोंड फिरवते.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

वास परत आला.

शाळेतून येताना अंगणात पाय ठेवला आणि आला. मी धावत कोठ्यात गेलो. ढवळीचं तोंड दोन्ही हातांनी धरून हुंगलं. ढेपेचा वास, हिरव्या गवताचा, गाईचा. दुसरा कुठला नाही. ती माझा सदरा चाटू लागली.

मग वास कुठून. मी कोठ्यापासून निघालो आणि नाक नेईल तसा गेलो. ओसरी. चूल. तिथं नव्हता. बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी दाट झाला.

मैना उभी होती. कपाळ भिंतीला टेकलेलं. हात खाली सोडलेले. पोरगी बाजेवर रडत होती आणि तिला ते ऐकू येत नव्हतं. भिंतीची माती छातीइतक्या उंचीवर गेली होती, आतले बांबू उघडे पडले होते. तिच्या नखांत माती होती, ओठांना माती होती. मी हाक मारली. तिनं मान वळवली. डोळे माझ्यावर होते.

पुढचं मी लिहीत नाही. मी बाहेर आलो आणि ओट्यावर बसलो. कोठ्यात ढवळी हंबरली, आणि आत खोलीत मैना हळू आवाजात "हूं" म्हणाली. कोणी हाक मारल्यावर म्हणतात तसं.

२७ नोव्हेंबर, बुधवार

मायनं एका वाक्यात सांगितलं, "गाईची उतरली अन् हिच्यावर बसली." गाईचं शास्त्र मला डॉक्टरांनी दिलं होतं, पण गाईतून निघून माणसात शिरल्यावर कुठलं शास्त्र. वास तोच, भिंत चाटणं तेच, ते बघणं तेच. मी रात्री शाळेतच निजलो. लाज वाटते, पण निजलो.

माय म्हणते, असल्याला उपाशी ठेवलं की घर सोडतं. खायला मिळतं तोवर बसून राहतं. म्हणून आजपासून तो मूठभर भातही बंद, नुसतं पाणी. पोरीला मात्र अंगावर पाजायचं, नाहीतर ती जाईल. मायचे डोळे भरले होते. "माह्यावाली नात मी त्याले देत नाई," म्हणाली. मी म्हटलं, तुला कळतं ते कर.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

मैना बाजेवरून उठत नाही. मी तिला उचलून दुसऱ्या कुशीवर केलं. गेल्या वर्षी बाजारातून कोंबड्या ठेवायचा बांबूचा झाप आणला होता, तो हिच्याहून जड होता. हे आतलं ते माणसाचं वजनही खातं म्हणायचं.

पोरगी पितच असते.

मैना छताकडं बघत होती. मी तिथं आहे हे तिला कळलं असावं, कारण ती बोलली. "ढवळीनं खाल्लं?" मी म्हटलं, खाल्लं. "सारं?" सारं. मग तिनं ओठ हलवले, चावल्यासारखे, तोंडात काही नसताना. मी बाहेर आलो. मला फार भीती वाटते. मला ती जायला नको आहे. हे मी कोणाला म्हणत नाही म्हणून इथं लिहितो.

बुधरी विस्तवाच्या निमित्तानं आली होती. दारातून बघून म्हणाली, "बाई लय वाळली." माय म्हणाली, ते वाळवून राह्यलं. बुधरी विस्तव न घेताच गेली.

३० नोव्हेंबर, शनिवार

शाळा दुपारी सुटली. घरी आलो तर माय कोठ्याच्या दारात खराटा घेऊन उभी. मी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं.

मैना गव्हाणीशी गुडघ्यांवर बसली होती. भिजवलेल्या ढेपेत गूळ कालवून ठेवला होता, ढवळीचा दुपारचा. ती तो दोन्ही हातांनी खात होती. केस सुटलेले, पदर मातीत. ढवळी बाजूला सरून उभी होती. दावं मोकळं होतं, तरी गव्हाणीला तोंड लावत नव्हती. मान वाकवून ती मैनेची पाठ चाटत होती, एकसारखी, वासराची चाटते तशी. कालवड आचळाला लागलेली. माझी पोरगी तणसावर निजलेली. बाहेर उन्हात सगळं लख्ख दिसत होतं आणि कोठ्यात चावण्याचा तेवढा आवाज.

मैना थांबली. तोंड पुसलं नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "तिले देता. मले काऊन नाई?"

माय मागून म्हणाली, "तीच बोलून राह्यली. मैना नोहे ते."

आवाज मैनेचाच होता. पण मला मायचं खरं वाटलं आणि मैनेचंही खरं वाटलं. मी म्हटलं, "माय, आता ते तोंडानं मागून राह्यलं. नाई देलं तं पोरीले नेईन." हे मला कसं सुचलं ठाऊक नाही. माय घाबरली. खराटा तिच्या हातातून खाली पडला. म्हणाली, "मंग दे बापा. मांगन ते दे."

मी स्वतः चूल पेटवली. भात टाकला, डाळ टाकली. आधी कण्यांची पेज गूळ घालून दिली, कारण डॉक्टर हळूहळू म्हणाले होते. हे मला पेज ढवळताना आठवलं. मग मी चुलीपाशी तसाच बसून राहिलो.

६ डिसेंबर, शुक्रवार

आठवडाभर ताट आतल्याला म्हणून जातं. माय ते उंबऱ्याशी ठेवते, हात जोडते आणि मागं सरते. दोन वेळा भात-डाळ, मधे गूळ, तूप. ताट धुतल्यासारखं स्वच्छ परत येतं.

वास परवापासून नाही. आज मैना अंगणात आली, पोरीला घेऊन उन्हात बसली. मला म्हणाली, "सदऱ्याची गुंडी तुटली तुमची." एवढंच. मी कोठ्यात जाऊन डोळे पुसले. ढवळीनं पाहिलं, दुसऱ्या कोणी नाही.

पण मैना सुधारते आहे हे मायनंही पाहिलं. संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाली, "उतरलं दिसते. उद्या विचारून घे, गेली का म्हणून. गेली असन तं मंग परत पथ्य. सव्वा महिना व्हायचा हाय अजून." स्वतः विचारायला ती धजत नाही. मला म्हणते, तू शिकेल हायस, तूच विचार.

७ डिसेंबर, शनिवार

सकाळीच विचारलं. मैना बाजेवर बसून पोरीला पाजत होती. मी दारातच उभा राहिलो. कसं विचारावं कळेना. शेवटी म्हटलं, "मायनं विचारलं. ती जी होती, ते गेली का?"

ती पोरीच्या टाळूवरून हात फिरवत राहिली. डोळे माझ्यावर होते, आणि या वेळी मी तिला पुरता दिसत होतो.

"गेली म्हटलं," ती म्हणाली, "तं उद्या मले काय भेटन?"

मी उंबऱ्याकडं पाहिलं, रोज ताट ठेवतात तिथं.

"तं तुमीच सांगा," म्हणाली. "हाय का गेली?"

अहेरीच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं आणि मी ते ट्रकमध्ये पाठ केलं होतं, पाढ्यांसारखं. पोरांना मी छडी मारतो, पाठ येतं पण अर्थ कळत नाही म्हणून. मला माझी लाज वाटली. चूक माझी, असं मी तिला म्हणायला हवं होतं. पण एवढंच म्हटलं, "थांब."

माय ओट्यावर तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं. "गेली का?"

मी म्हटलं, "नाई माय. हाय अजून."

तिनं कपाळाला हात लावला. "काय म्हणते?"

"दोन वेळा पोटभर पाह्यजे म्हणते. डाळ, तूप, गूळ, सारं. अन् कमी पडलं तं माह्याशी गाठ हाय म्हणते."

"अन् किती दिवस राहीन?"

आत पोरगी पिता पिता चुटचुट आवाज करत होती. मी म्हटलं, "पोरगी अंगावर पिते तवरिक."

मायनं मग सुपात आणखी दोन ओंजळी तांदूळ घेतले आणि पाखडू लागली.